खालची जागा

वाद्यवृंदात ऐंशी-नव्वद वादक बसलेले असतात. प्रत्येकापुढे त्याच्या वाद्यापुरती स्वरलिपी असते. व्हायोलिनवादकाला ट्रंपेटचे काय चालले आहे ते कागदावर दिसत नाही. सर्व वाद्यांची एकत्रित स्वरलिपी एकाच माणसापुढे उघडी असते, आणि नवल असे की त्या माणसाच्या हाती वाद्यच नसते. तो संचालक. संपूर्ण मैफलीत त्याच्याकडून एक स्वरही निघत नाही; तरीही कोणी केव्हा सुरू करावे, कोणी आवाज आवरावा, कोणी थांबून दुसऱ्याला वाट द्यावी, हे त्याच्या हातावर ठरते.

आपल्या मुंबईने जगाला असा एक संचालक दिला. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत येशूसंघीय फादरांच्या हाताखाली शिकलेला हा पारशी मुलगा १९५४ साली व्हिएन्नाला गेला, आणि पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्रायल येथील वाद्यवृंदांचा प्रमुख झाला. त्यांची कीर्ती सर्वज्ञात आहे. मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका संचालकाविषयी.

अँथनी गोन्साल्विस हे नाव कोणाला ठाऊक नाही? १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये ईस्टरच्या प्रचंड अंड्यातून बाहेर पडलेला अमिताभ बच्चन ते नाव गातो आणि चित्रपटगृह हसते. परंतु हा खराखुरा माणूस होता, हे हसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत असेल. गोव्यातील मजोर्डा गावी १९२७ साली त्यांचा जन्म झाला. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. स्वरलिपीचे संस्कार घरातच झाले. १९४३ साली ते मुंबईस आले, नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले, आणि लवकरच संयोजक म्हणून नावाजले गेले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी पुढे त्या गाण्यात गुरूचे नाव गुंफले.

संयोजकाचे काम काय असे? संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. ती स्वरलिपीत उतरवणे, तिला साथीचे स्वर देणे, अंतऱ्यांमधले संगीत रचणे, ते व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट यांत वाटून देणे आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी समोर उभे राहून सर्वांना एका श्वासात बांधणे. अँथनी यांच्यासारखे, शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची धुरा वाहणाऱ्या सेबॅस्टियन डिसूझांसारखे अनेक गोमंतकीय ख्रिस्ती कलावंत हे काम वर्षानुवर्षे करीत राहिले. पडद्यावर नाव संगीतकाराचे. यांचा उल्लेख 'सहायक' म्हणून झाला तर झाला, पुष्कळदा तोही नाही. अँथनींनी १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, हिंदुस्थानी रागांवर रचलेली सिंफनी-शैलीची रचना वाजवली. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. साठीच्या दशकाच्या मध्यावर ते अमेरिकेस गेले. परतल्यावर मजोर्ड्यातच शांतपणे राहिले आणि १८ जानेवारी २०१२ रोजी निवर्तले.

अशा जीवनाकडे पाहून आम्हा धर्मगुरूंच्या ओठी एक वाक्य फार चटकन येते: केवढी ही नम्रता! ते वाक्य मीही एकदा उच्चारले आहे, म्हणून हा लेख लिहीत आहे. एका सणाच्या मिस्सेनंतर मी मंडप घालणाऱ्यापासून लाउडस्पीकरवाल्यापर्यंत सर्वांचे आभार मानले आणि गायकवृंदाच्या मास्तरांना विसरलो. दोन महिने ते रोज संध्याकाळी कामावरून परस्पर तालमीला येत होते. सायंकाळी चूक उमगली तेव्हा मी त्यांना म्हणालो, "मास्तर, तुम्ही देवासाठी केलंत. देवानं ऐकलं, पुरे नाही का?" ते म्हणाले, "देवानं ऐकलं, फादर. तुम्ही ऐकलंत का, ते कळलं नाही."

त्या रात्री मी लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय पुन्हा वाचला. मेजवानीस गेल्यावर खालच्या जागी बसावे, असे प्रभू तेथे सांगतो. त्यावर मी कितीदा प्रवचन दिले असेल! परंतु कथेत दुसरेही एक पात्र आहे. यजमान येतो आणि त्या पाहुण्याला वर बोलावतो. खाली बसणे पाहुण्याच्या हाती आहे, वर बोलावणे यजमानाच्या. पाहुण्याची नम्रता पाहून यजमान निर्धास्त झाला आणि पंगत उरकून घेतली, तर त्याला नम्रतेचा गौरव कसे म्हणावे? ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले असे संत पौल फिलिप्पैकरांना लिहितो. त्याने केले, कोणी दुसऱ्याने त्याच्यासाठी ते ठरवले नव्हते. नम्रता स्वतःपाशी मागता येते. दुसऱ्यापाशी मागू लागलो की तिच्या आडून आपण आपली बाकी बुडवत असतो.

आपल्या मोहन्यात हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. येथील रेयॉनच्या कारखान्यात किती घरांतल्या माणसांनी आयुष्य घालवले! तो कारखाना २००९ साली बंद पडला. त्या धाग्याचे कापड ज्यांनी अंगावर घेतले, त्यांना ते हात कधी दिसले नाहीत. धाग्यावर कोणी नाव विणत नाही, हे खरेच. पण घरी, मंडळात, चर्चमध्ये ते घेण्यास कोणाची आडकाठी होती?

अँथनींच्या बाबतीत एक शिष्य तरी यजमान झाला, तेही गुरू परदेशी गेल्यावर, एका विनोदी गाण्यातून. त्या आठवणीचे मोल मी कमी लेखत नाही. फक्त मनात येते, ते नाव त्यांना ध्वनिमुद्रणाच्या दालनात, वादक वाद्ये पेटीत ठेवत असताना ऐकायला मिळाले असते तर?

पुढल्या वर्षी सणापूर्वी मी आभाराची यादी कागदावर लिहिली आणि मास्तरांचे नाव सर्वांत वर घातले. ती त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि खिशातले पेन काढले.

"फादर, पेटी वाजवणाऱ्या पोराचं नाव राहिलं की," ते म्हणाले.