माफीचा दरवाजा कोण बंद करतो?

मागच्या वर्षी शब-ए-बरातच्या दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, ऐसा कोई गुनाह है जो कभी माफ नहीं होता?" आम्ही तोंड उघडण्याआधीच पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "शिर्क." उत्तर बरोबर होते. पण त्या मुलाचे समाधान झाले नाही. "और ईसाई लोगों में?" त्याने पुन्हा विचारले. आम्हाला धड उत्तर देता येईना. उद्या सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. त्यानंतर आम्ही ते पुस्तक विकत घेतले होते. त्या रात्री ते काढून बसलो. मुलासाठी उत्तर शोधायला बसलो होतो, पण हाती आला तो आमचाच एक जुना हिशोब.

आधी आपल्या घरातले पाहू. सूरह अन-निसामध्ये दोन ठिकाणी सांगितले आहे की, अल्लाह शिर्क माफ करत नाही, त्याखेरीज जे आहे ते ज्याला इच्छील त्याला माफ करतो. तर सूरह अज-जुमरमध्ये, स्वतःवर अत्याचार केलेल्या दासांनी अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नये, तो सगळेच गुनाह माफ करतो, असा दिलासा आहे. वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती वाटेल. उलमा याचा उलगडा असा करतात की, पहिली गोष्ट तौबा न करता मरणाऱ्याची आहे आणि दुसरी तौबा करणाऱ्याची. हे पटण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सहाबांपैकी कितीतरी जणांचे अर्धे आयुष्य मूर्तिपूजेत गेले होते. हजरत हमजा (र.) यांना शहीद करणारा वहशीसुद्धा पुढे मुसलमान झाला. म्हणजे दरवाजा गुनाहाच्या आकारामुळे बंद होत नाही. आत जायचेच नाही असे ठरवणाऱ्यासाठीच तो बंद असतो.

आता ख्रिस्ती शिकवण. मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत हजरत ईसा (अ.) यांचा एक कठोर इशारा येतो. माणसांची सर्व पापे आणि निंदा माफ होतील, पण पवित्र आत्म्याविरुद्धचे दुर्भाषण माफ होणार नाही, असा त्याचा आशय आहे. हे वाक्य एकटे वाचले तर भीती वाटते. म्हणून ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हे पाहिले पाहिजे. मत्तयच्या वर्णनानुसार एका आंधळ्या आणि मुक्या माणसाला त्यांनी बरे केले होते. लोक थक्क झाले. पण तिथल्या धर्मपंडितांनी काय म्हणावे? हा सैतानांच्या सरदाराच्या मदतीने सैतान काढतो! डोळ्यांसमोर एक माणूस पाहू लागला, बोलू लागला, आणि ते चांगले काम यांनी सैतानाच्या खात्यावर लिहून टाकले. इशारा त्यांच्यासाठी होता. चोर, दरोडेखोर, बदनाम बायका यांच्यापैकी कोणालाही तो दिलेला नाही. तो दिला आहे पाठांतर पक्के असलेल्या, समाजात मान असलेल्या, रोज इतरांना धर्म शिकवणाऱ्या लोकांना.

या वाक्याने शेकडो वर्षे साध्या श्रद्धाळू माणसांची झोप उडवली आहे. 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' लिहिणारा जॉन बन्यन आपल्या मराठीलाही जुन्या काळापासून परिचित आहे. हरी केशवजींनी त्या ग्रंथाचे 'यात्रिक क्रमण' हे भाषांतर १८४१ साली केले. हाच बन्यन आपल्या १६६६ सालच्या आत्मकथनात सांगतो की, आपल्या हातून ते अक्षम्य पाप घडले आहे या भयाने तो दीर्घकाळ तळमळत होता. नागपूरला बी.एड. करताना आमच्या एका ख्रिस्ती सहाध्यायाच्या आजीचीही हीच अवस्था होती. तरुण मुलगा गेला तेव्हा दुःखाच्या भरात ती देवाला वाटेल ते बोलली होती. आता आपल्याला माफी नाही, असे तिने मनाशी धरले होते. शेवटी चर्चच्या फादरांनी तिची समजूत घातली, "माई, ज्याला हे पाप आपल्या हातून घडले असेल अशी भीती वाटते, त्याने ते केलेले नसते. ज्याने केले असते, त्याला भीतीच वाटत नाही."

संत ऑगस्टीनने चौथ्या-पाचव्या शतकात हाच धागा पकडला होता. मरेपर्यंत पश्चात्ताप नाकारणे, असा अर्थ त्याने लावला. कॅथलिक पंथाची अधिकृत शिकवणही हेच सांगते: देवाच्या दयेला सीमा नाही, पण जो ती दया घ्यायलाच नकार देतो त्याच्यापुढे काय इलाज? त्रैक्याबद्दल, येशूच्या देवत्वाबद्दल आमचे आणि ख्रिस्ती बांधवांचे मतभेद आहेत आणि ते राहतील. पण या एका प्रश्नावर दोन्ही घरांतले शहाणे लोक एकमेकांच्या फार जवळ उभे आहेत.

इथपर्यंत वाचून आम्ही पुस्तक मिटायला हवे होते. पण डोळ्यांसमोर ते धर्मपंडित राहिले नाहीत, एक मुलगा आला.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. सहावीतला एक मुलगा पोषण आहाराची खिचडी प्लास्टिकच्या पिशवीत भरून दप्तरात लपवताना सापडला. आम्ही त्याला परिपाठाच्या वेळी सगळ्यांपुढे उभे केले आणि चोर म्हटले. तो एक शब्द बोलला नाही. दुपारी शेजारच्या बाईंकडून कळले की, त्याचे वडील राईस मिलमध्ये हमाल, आई धानाच्या मजुरीवर, आणि घरी चार वर्षांची बहीण एकटी. तो आपल्याच ताटातली अर्धी खिचडी तिच्यासाठी नेत होता. त्याच महिन्यात आम्ही त्या वर्गाला 'ईसार' या शब्दाचा अर्थ शिकवला होता: स्वतःची गरज मागे ठेवून दुसऱ्याला देणे. तो त्याने आमच्यापेक्षा चांगला समजून घेतला होता, आणि आम्ही त्याच ईसारला चोरी असे नाव दिले.

चूक अजाणता झाली, असे म्हणता येईल. पण दुपारी तर कळले होते! त्यानंतर आम्ही चार दिवस गप्प बसलो. शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागायची? वर्गावरची पकड सुटेल, लोक काय म्हणतील, असे वाटत राहिले. त्या चार दिवसांत मुलगा शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी घरी गेलो तर दाराला कुलूप. कुटुंब कामासाठी छत्तीसगडकडे गेले, एवढेच शेजाऱ्यांना माहीत होते. आज वाटते, खरा गुनाह परिपाठाच्या मैदानात झाला नाही, तो त्या चार दिवसांत झाला. सत्य कळल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवणे, हीच त्या इशाऱ्यातली गोष्ट नव्हे काय?

आम्ही अल्लाहपुढे कितीदा तरी रडलो. पण हुकूकुल-इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, हा विषय आम्ही स्वतः मुलांना शिकवतो. ज्याचा हक्क मारला त्याचे देणे त्याच्याकडेच फेडावे लागते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खरा दिवाळखोर कोण ते सांगितले आहे. तो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण कोणाला शिवी दिलेली, कोणावर आळ घेतलेला. त्याच्या नेक्या त्या लोकांत वाटून संपतील आणि मग त्यांचे गुनाह याच्या डोक्यावर येतील. हजरत ईसा (अ.) यांच्या शिकवणीतही वेदीवर अर्पण घेऊन आलेल्या माणसाला, भावाचे मन दुखावल्याचे आठवले तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, असे सांगितले आहे.

शेजारच्या मध्यप्रदेशात १९९५ साली सिस्टर राणी मारिया यांची धावत्या बसमध्ये भोसकून हत्या झाली. मारेकरी समंदरसिंह तुरुंगात असताना त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याला माफ केले आणि २००६ साली तो सुटला. हे वाचून आमची मान खाली जाते. पण माफ करणे हा त्या कुटुंबाचा मोठेपणा होता. त्यावर हक्क सांगता येत नाही, फक्त जाऊन उभे राहता येते.

आणि आपण काय करतो? शब-ए-बरातला मोबाइलवर एकच मजकूर दोनशे जणांना पाठवतो, "कहा-सुना माफ." ज्याला खरोखर दुखावले त्याचा नंबर बहुधा त्या यादीत नसतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि नाव न घेता ही हकीकतही सांगितली. वर्ग शांत होता. मग त्याच मुलाने विचारले, "सर, अब वो कहाँ है?"

माहीत नाही, असे आम्ही सांगितले. पण राईस मिलच्या हमालांकडे विचारपूस चालू आहे. पत्ता लागला तर आम्ही संदेश पाठवणार नाही, गाडीत बसून जाणार आहोत.