मूल हाताकडे पाहते



वस्तीतील पोरांची मारामारी झाली की आपण कोणाकडे तरी बोट दाखवून मोकळे होतो. पूर्वी ते बोट सिनेमाकडे होते. आज ते मोबाईलवरील खेळांकडे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने 'पबजी' हा बंदुकांचा खेळ बंद केला तेव्हा पुष्कळ आईबापांना हायसे वाटले. बंदीचे कारण देशाची सुरक्षा हे होते, मुलांची मने नव्हे. आणि घरातील मारहाण काही खेळाबरोबर बंद होत नाही.

म्हणून प्रश्न स्वतःलाच विचारला पाहिजे. हिंसा वाईट, असे आपण मुलाला सांगतो. पण तसे आपल्याला तरी मनापासून वाटते काय? मुलगा मार खाऊन आला की आपण म्हणतो, "रडतोस काय? जा, दोन ठेवून ये." तो ठेवून आला की वरून रागावतो, आतून सुखावतो. त्याने बहिणीवर हात टाकला तर 'भाऊच आहे' म्हणून सोडून देतो. शाळेत मुलांना मारण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली. तरी 'गुरुजी, खुशाल मारा' म्हणणारा बाप अजून आहे. सकाळी पंचशील म्हणायचे आणि संध्याकाळी पट्टा काढायचा! मूल आपल्या ओठांकडे पाहत नाही, हाताकडे पाहते.

भगवंतांची रीत वेगळी होती. सावत्थीजवळ काही मुले सापाला काठ्यांनी मारीत होती. भगवंतांनी कारण विचारले. तो चावेल या भीतीने मारतो, असे मुलांनी सांगितले. भगवंतांनी त्यांना शिक्षा केली नाही. तुम्हाला सुख हवे तसे इतरांनाही हवे, हे समजावले. राहुलाला त्यांनी आरशाचा दाखला दिला. आरशात तोंड पाहावे तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासावे: यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते काय?

कोणी म्हणेल, "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला. आता आमच्या पोरांनीही मुकाट मार खायचा काय?" मुळीच नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत स्पष्ट फरक केला आहे. शील मोडते ते इच्छेने. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला. त्यांच्यात लष्करात राहिलेले, लढणे जाणणारे लोक होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि लढा कायद्याच्या मार्गाने नेला. त्या माणसांना भित्रे कोण म्हणेल? दुबळा हात थांबला तर ती लाचारी असू शकते. समर्थ हात थांबतो तेव्हा शील दिसते.

तेव्हा अंगावर आलेल्याला रोखायला, दुबळ्याच्या पुढे उभे राहायला, अन्यायाची तक्रार नोंदवायला मुलाला जरूर शिकवा. पण दुसऱ्याला दुखवण्यात सुख मानायला शिकवू नका. मुलगा भांडून घरी आला तर 'कोण जिंकले?' हे विचारू नका. 'तुला कशाची भीती वाटली?' हे विचारा. आणि त्याचे उत्तर येईपर्यंत आपला हात खाली ठेवा.