वैद्याने दवंडी पिटावी काय?

बोलणाऱ्याची बोरे विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. बोरांच्या बाबतीत तिच्यात नीतीचा प्रश्न कोणी शोधणार नाही. बोर आंबट निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाटीकडे वळते. परंतु विकावयाची गोष्ट उपचार असेल आणि घेणारा वेदनेने वाकलेला असेल, तर तीच म्हण अवघड होऊन बसते.

कायरोप्रॅक्टरचेच उदाहरण घेऊ. हाताने मणके व सांधे हलवून पाठीच्या दुखण्यावर उपचार करणारा हा व्यावसायिक. नव्याने व्यवसाय मांडलेल्या अशा तरुणाजवळ भाड्याची एक खोली, एक मेज आणि डोक्यावर कर्ज एवढेच भांडवल असते. वर्तमानपत्रातील जाहिरात त्याला परवडत नाही. पण खिशात फोन असतो. फेसबुकवर पान उघडावे, बरे झालेल्या रुग्णांकडून चार शब्द लिहून घ्यावेत, मणका ‘कट्’ वाजतो त्या क्षणाचे चित्रण इन्स्टाग्रामवर टाकावे, खर्च काहीच नाही, असा सल्ला त्याला सर्वत्र मिळतो. यात वावगे काय आहे?

त्याची बाजू आधी मांडली पाहिजे. डी. डी. पामर याने 1895 साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट गावी हा पंथ सुरू केला. त्याचा मुलगा बी. जे. पामर याने 1922 साली नभोवाणी केंद्र विकत घेऊन तिच्याद्वारे त्याचा पुकारा केला. या हौसेमागे थोडी निरुपायताही होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर टाकलेला बहिष्कार बेकायदेशीर होता, असा निर्णय शिकागोच्या संघीय न्यायालयाने 1987 साली दिला. ज्याला रुग्णालयाचे दार बंद, त्याने चव्हाट्यावर उभे राहून हाक मारली तर त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. शिवाय मौनाचा लाभ नेहमी प्रस्थापितालाच होतो. ज्याच्या दाराशी रांग आहे त्याला जाहिरात निंद्य म्हणणे सोपे असते. त्याच असोसिएशनने सभासदांच्या जाहिरातीवर घातलेली बंधने 1979 साली तेथील व्यापार आयोगाने दूर करावयास लावली, ती अशाच विचाराने.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मुद्दा अधिक पटावा. आपल्या गावात कोणाचा हात चांगला, हे शेजारी सांगतो. परक्या शहरात, परक्या भाषेत, खुर्चीवर बसून बसून पाठ धरली म्हणजे विचारावे कोणाला? तेथे फोनचा पडदा हाच शेजारी होतो. तेव्हा वैद्याने आपला पत्ता सांगूच नये, हा आग्रह रुग्णाच्याही हिताचा नाही.

तथापि ‘खर्च काहीच नाही’ या शब्दांपाशी थांबले पाहिजे. जगात फुकट अशी जाहिरात नसते. फक्त तिचे मोल दुसऱ्या कोणी तरी दिलेले असते. ज्याच्यापाशी पैसा नाही तो काय खर्च करतो? तो रुग्णाची कृतज्ञता खर्च करतो, त्याचा चेहरा खर्च करतो, आणि न आलेल्या रुग्णाचे भय खर्च करतो. टेबलावर पालथा पडलेला माणूस ‘चित्रण करू का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणू शकतो, हे खरे. पण ज्याच्या हातात आपली मान आहे त्याला नकार देणे किती जणांना जमते?

रुग्णाची साक्ष प्रामाणिक असते, म्हणून ती निर्दोष असे आपण समजतो. वस्तुस्थिती निराळी आहे. नव्याने उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि माणूस उपचाराला जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. त्यानंतर उतार पडला की श्रेय शेवटच्या हाताला मिळते. साक्षीदार खोटे बोलत नाही. त्याला कारण ठाऊक नसते, इतकेच. ‘कट्’ आवाजाचेही तसेच. तो हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होण्याशी निगडित आहे. ऐकणाऱ्याला मात्र तो सिद्धीचा पुरावा वाटतो. म्हणजे एकही खोटा शब्द न उच्चारता फसवणूक घडू शकते. आपल्या नीतिविचारात असत्य भाषणाला शिक्षा आहे. पण दुसऱ्याच्या गैरसमजावर मुकाट्याने पोट भरण्याला नाव नाही.

2019 साली ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांच्या अर्भकावर केलेल्या अशा उपचाराचे चित्रण समाजमाध्यमांवरून पसरले आणि मोठा गहजब झाला. व्हिक्टोरिया राज्याने चौकशी करविली. मुलांना इजा झाल्याचा पुरावा फारसा आढळला नाही. पण लाभाचा पुरावाही तितकाच दुबळा निघाला. ते अर्भक स्वतःच्या दुखण्याविषयी काही सांगू शकत नव्हते, संमती तर नाहीच. तरीही ते जाहिरात झाले. त्या देशात कायरोप्रॅक्टरांसह सर्व नोंदणीकृत आरोग्यव्यावसायिकांना जाहिरातीत रुग्णांची प्रशस्तिपत्रे वापरण्यास कायद्याने मनाई आहे, ती अशा वेळी कठोर वाटत नाही.

आपल्याकडे डॉक्टरांसाठी 2002 साली झालेल्या आचारनियमांत जाहिरात निषिद्ध असूनही व्यवसाय सुरू केल्याची, पत्ता बदलल्याची, शुल्काची जाहीर सूचना देण्यास मुभा ठेवली होती. ते नियम कायरोप्रॅक्टरसाठी नव्हते. पण कळविणे आणि भुरळ घालणे यांतील भेद त्यांत नेमका आहे. आपण कोठे बसतो, काय शिकलो, किती पैसे घेतो, हे त्याने खुशाल सांगावे. खुर्चीवर कसे बसावे, वजन कसे उचलावे, हे स्वतःच्या देहावर दाखवावे. पाठदुखीबरोबर पाय लुळे पडू लागले किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर माझ्याकडे न येता तत्काळ रुग्णालयात जा, हेही ठळक लिहावे. यालाही खर्च नाही, आणि यात कोणाचे काही घेतले जात नाही.

अशा जाहिरातीने रुग्ण कमी येतील, हा आक्षेप खरा आहे. खोलीचे भाडे तत्त्वज्ञानाने भरता येत नाही, हेही खरे. परंतु प्रश्न तोटा होईल की नाही हा नसून तो कोणी सोसावा हा आहे. व्यवसाय ज्याचा, नफा ज्याचा, त्याच्या आरंभीच्या हलाखीची भरपाई दुखणाईताच्या भोळ्या विश्वासातून व्हावी, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. दवंडी त्याने जरूर पिटावी. मात्र ढोल स्वतःचा असावा.