पाडव्याचा लहान नेम





चैत्र शुद्ध प्रतिपदा आली. दारी गुढी उभी राहिली, कडुनिंबाची कोवळी पाने तोंडात घातली, आणि लगेच मनात संकल्पांची रास पडू लागली. यंदा दर महिन्याला ज्ञानेश्वरीचे पारायण करीन. यंदा तंबाखू कायमची सोडीन. यंदा भावाशी धरलेला अबोला मिटवीन. संकल्प सगळे चांगलेच आहेत. पण आठ दिवसांनी, रामनवमीला, आपल्याच मनाला विचारा, की बाबा, त्यातले शिल्लक किती?

दुसऱ्याकडे बोट कशाला दाखवू? माझीच गोष्ट सांगतो. तरुणपणी एका पाडव्याला गावच्या पारावर, चारचौघांच्या देखत, गळ्यातल्या माळेला हात लावून मी बोलून गेलो, "ज्ञानेश्वरीचा रोज एक अध्याय वाचल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही." पहिला अध्याय पावणेतीनशे ओव्यांच्या आसपास, सहज झाला. पुढचेही कसेबसे रेटले. तेराव्या दिवशी तेरावा अध्याय आला, तो हजारावर ओव्यांचा! आणि त्याच दिवशी शेतात गव्हाची मळणी. अर्धा वाचून उपाशीपोटी खळ्यावर गेलो, दुपारी भोवळ आली, लोकांनी उचलून सावलीत नेले आणि भाकरी खायला घातली. नेम मोडला.

मोडला तर मोडला, त्याचे एवढे काही नव्हते. पण मला लाज अशी वाटली, की मी देवळातल्या हरिपाठालाही जाईनासा झालो. वडिलांच्या बोटाला धरून लागलेली ती लहानशी सवय, तीही त्या मोठ्या संकल्पापायी गेली. पुरी दोन वर्षे मी देवळाची पायरी चढलो नाही. अखेर एक वृद्ध माळकरी बाबा घरी येऊन म्हणाले, "अरे, तू शब्द कुणाला दिला होतास? देवाला, की पारावरच्या लोकांना? देव काही हिशेब मागायला बसला नाही. उद्या ये, एक अभंग म्हण आणि जा."

एक अभंग! तेवढ्यावर मी परत उभा राहिलो. म्हणून म्हणतो मंडळी, झेपणार नाही असा संकल्प नुसता निष्फळ जात नाही. तो जाताना हातचे असलेलेही घेऊन जातो. आणि त्याच्या पोटात बहुतेक वेळा भक्ती थोडी आणि अभिमान फार असतो.

मोठे काम लहान नेमाने कसे होते, याचा दाखला आपल्या खानदेशातच आहे. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी सत्याग्रही बंद्यांपुढे गीता सांगायला घेतली. नेम केवढा? दर रविवारी एक अध्याय. २१ फेब्रुवारीच्या रविवारी पहिला झाला, १९ जूनच्या रविवारी अठरावा. मधला एकही रविवार रिकामा गेला नाही. आमच्या अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेले साने गुरुजी तिथेच होते. ते ऐकता ऐकता सगळे उतरून घेत. त्यातूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ उभा राहिला आणि देशातल्या कितीतरी भाषांत गेला. कैद्याच्या हाती ना स्वतःचा दिवस, ना स्वतःची रात्र. तरी आठवड्यातला एक वार धरला आणि तो सोडला नाही.

आता आपला हिशेब करू. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. अधिक मास नसलेल्या वर्षी पाडवा ते पाडवा दिवस साधारण ३५४. रोज २६ ओव्या म्हटल्या तर ९,२०४ होतात; म्हणजे वर्षात ग्रंथ पुरा! २६ ओव्यांना वेळ किती लागतो? चुलीवरचा चहा उकळून खाली उतरेपर्यंत निम्म्या होतात. तेही जड वाटत असेल तर पाच म्हणा. पण म्हणा.

नेम धरताना चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, नेम इतका लहान धरा की आजारपणातही निभेल. तंबाखू सुटत नाही ना? मग सकाळचा हरिपाठ होईपर्यंत बार भरायचा नाही, एवढेच ठरवा. भावाशी बोलणे नाही ना? वाटणीचा वाद आज मिटवू नका. बांधावर गाठ पडली की "राम कृष्ण हरी" म्हणा, बस्स! उत्तर आले नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणा.

दुसरी, नेमाला रोजच्या कामाची जोड द्या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण जात्यावर बसल्या की ओवी ओठांवर येई. दळण रोजचे, म्हणून गाणेही रोजचे. १९५१ साली त्या गेल्या, आणि १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली. वेगळा वेळ काढीन म्हणणाऱ्याला तो कधी सापडत नाही.

तिसरी, मुदत थोडी ठेवा. मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताईची पालखी ज्येष्ठात निघते आणि सुमारे महिनाभर चालून पंढरीला पोचते. निघताना पंढरी दिसते का? आजचा मुक्काम तेवढा ठाऊक असतो. तसे तुम्हीही मुक्काम करा. पाडव्याचा नेम आधी चैत्री एकादशीपर्यंत न्या. अवघे दहा दिवस. मग आखाजीपर्यंत. मग अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ निघतो तोपर्यंत. मग मुक्ताईच्या पालखीपर्यंत. आषाढी कधी आली, हे कळणारही नाही.

चौथी, आणि हीच खरी. नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, रडत बसू नका, आणि माझ्यासारखी देवळाकडे पाठ तर मुळीच फिरवू नका. राहिले ते राहिले. आजचे आज करा. दिंडीत ज्याच्या पायाला फोड येतो तो घरी परतत नाही. घटकाभर बसतो आणि मागच्या दिंडीत मिसळतो.

कुणी म्हणेल, "महाराज, एवढ्याने काय होणार?" अहो, केळीच्या मुलखात राहून हे विचारता? जळगावकडच्या बागायतदाराला विचारा, महिन्यातून एकदा पाट फोडून रान बुडवले तर केळ जगेल का? तिला थेंब थेंबच, पण रोज लागतो. त्या थेंबावरच घड लोंबतो.

तेव्हा या पाडव्याला एकच लहान नेम धरा. पारावर सांगू नका. पांडुरंगाच्या कानात सांगा. आणि ज्यांचा गेल्या वर्षीचा नेम मोडला असेल, त्या माझ्या बंधुभगिनींनो, तुम्ही आधी या. देवळाचे दार उघडेच आहे. एक अभंग म्हणा आणि जा.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!