बाण सुटल्यानंतर

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत कर्माचा विचार बहुधा तें घडण्याच्या क्षणापाशींच थांबतो. कर्त्याचा हेतु शुद्ध होता कीं नाहीं, त्यास दुसरा मार्ग मोकळा होता कीं नाहीं, ह्या प्रश्नांची चर्चा करून ग्रंथकार निर्णय देतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. परंतु कर्म हातून सुटल्यानंतर जे तास जातात त्यांत कर्त्याचें कांहीं कर्तव्य उरतें काय, आणि उरत असल्यास तें कोणतें, ह्याकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें. ह्या प्रश्नाचा विचार शिकाऱ्यांनीं बारकाईनें केला आहे, असें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. मृगयेचें समर्थन करावें असा आमचा हेतु मुळींच नाहीं. पण जखमी हरिणाचा माग कसा काढावा ह्याविषयीं युरोपांत, विशेषतः जर्मनींत, जें एक शास्त्र तयार झालें आहे, त्यांत सर्वांच्या उपयोगाचा एक पाठ आहे असें आम्हांस वाटतें.

जर्मनींतून लांडगे दीर्घकाळ नाहींसे झाले होते. त्यामुळें हरिणांची संख्या आवरण्याचें काम तेथें मनुष्याकडे आलें. एकट्या रो जातीचीं लहान हरिणेंच तेथें प्रतिवर्षीं दहा लाखांहून अधिक मारलीं जातात. इतक्या बारांपैकीं प्रत्येक बार अचूक बसेल ही गोष्ट अशक्यच.

सामान्य समजूत अशी कीं, गोळी लागली म्हणजे हरिण कोसळतें, आणि तें कोसळलें नाहीं तर नेम चुकला. अनुभव पुष्कळदां ह्याच्या उलट असतो. हृदयास किंवा फुप्फुसांस गोळी लागलेलें हरिण एक उसळी घेऊन सर्व बळानें धावत सुटतें. मेंदूंत उरलेल्या प्राणवायूवर तें कांहीं सेकंद जगतें, आणि तेवढ्या अवधींत ५०-१०० मीटर जाऊन झुडुपांत निष्प्राण पडतें. उलट, गोळी मणक्यांच्या वरच्या टोकांना नुसती चाटून गेली तर हरिण जागच्या जागीं कोसळतें, शिकारी मनांत सुखावतो, आणि थोड्याच वेळांत तें उठून पसार होतें. पोटांत गोळी लागली तर पाठीस बांक येतो आणि तें सावकाश चालत जवळच्या दाट झाडींत जाऊन बसतें. जमिनीवरचें रक्तही बोलकें असतें. तें फिकट तांबडें व फेसाळ असेल तर जखम फुप्फुसाची; काळपट असेल तर बहुधा यकृताची; त्यांत हिरवट, दुर्गंधियुक्त द्रव मिसळला असेल तर जठराची किंवा आंतड्याची. गळून पडलेल्या केसांच्या रंगावरून व जाडीवरून गोळी कोठून गेली ह्याचें अनुमान करितात. कित्येकदां चरबीनें जखमेचें तोंड बुजतें आणि बराच वेळ रक्ताचा थेंबही पडत नाहीं.

म्हणून त्या शास्त्राचा पहिला नियम असा कीं, बार चुकल्याची खात्री पटेपर्यंत तो लागलाच आहे असें धरून चालावें. हरिण जेथें उभें होतें ती जागा नीट ध्यानांत ठेवावी, मोडलेल्या डहाळीनें तिची खूण करावी, आणि तेथील माती, पानें व गवत तपासावें. न्यायालयांत आरोपी निर्दोष आहे असें गृहीत धरून काम चालतें. येथें आपण इजा केली हें गृहीत धरावयाचें आणि तसें नसल्याचा पुरावा आपणच शोधावयाचा. ह्या उलट्या न्यायाचें कारण उघड आहे. जखमी हरिण बहुधा ओरडत नाहीं. ज्यांच्या मांसावर दुसऱ्यांची उपजीविका चालते त्या प्राण्यांनीं आपली दुर्बलता दाखविणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणें होय. त्यामुळें वेदना लपविण्याकडे त्यांची प्रवृत्ति असते. त्यांचें मौन हा त्यांना लागलें नसल्याचा पुरावा नव्हे. आणि हें केवळ रानांतच खरें आहे काय? घरांतील धाकटीं माणसें, हाताखालचा कारकून, वर्गांतील मागल्या बाकावरचा मुलगा, ह्यांच्यापैकीं कोणी तक्रार केली नाहीं म्हणून कोणाला लागलें नाहीं, असें आपण किती सहज ठरवून टाकतों! जो दुर्बळ आहे त्याला ओरडणें परवडत नाहीं, हें सबळांच्या ध्यानांत येत नाहीं.

दुसरा नियम वाचकांस अधिक चमत्कारिक वाटेल. जखम पोटांतली आहे असें दिसलें तर शिकाऱ्यानें ताबडतोब मागें धावूं नये. निदान चार-सहा तास, आणि प्रसंगीं रात्रभरही, थांबावें. पाठीस कोणी लागलें नाहीं तर तें हरिण जवळच बसून राहतें. कोणी घाईनें मागें गेलें तर तें उठतें, भीतीच्या बळावर फार दूर जातें, आणि मग कोणाच्याही हातीं न लागतां कोठेंतरी झुरत मरतें. जर्मनीच्या कायद्यांत, जखमी जनावरास टाळतां येण्याजोग्या यातना होऊं नयेत म्हणून त्यास विनाविलंब मारावें, असा स्पष्ट दंडक आहे. आणि त्या दंडकाचें मनापासून पालन करणारा जाणता मनुष्यच घड्याळ पाहत स्वस्थ बसतो. हा विरोध केवळ दिसण्यापुरता आहे. पश्चात्तापाची घाई पुष्कळदां ज्याला लागलें त्याच्यासाठीं नसते. ती आपल्याच मनावरचें ओझें उतरविण्यासाठीं असते. कठोर शब्द बोलून गेल्यावर जो दुसऱ्याच क्षणीं क्षमा मागत मागें लागतो, तो दुखावलेल्या मनुष्यावर आणखी एक काम लादतो; आपलें दुःख गिळून ह्याचें समाधान करण्याचें! अशा वेळीं थांबणें हेंच कर्तव्य असतें. मात्र थांबणें आणि विसरणें ह्यांत मोठें अंतर आहे. थांबलेला शिकारी पावसाचे ढग पाहत असतो, कारण पाऊस आला तर रक्त धुऊन जाईल. आणि तेवढ्या अवधींत तो आपल्याहून जाणत्यास बोलावणें पाठवितो. हा जाणता बहुधा कुत्रा असतो. हानोव्हर जातीचा माग काढणारा कुत्रा लांब चामडी दोरीस बांधून नेतात. रक्त दिसत नसतां, माग कित्येक तासांचा जुना झाला असतां, निरोग्या हरिणांच्या वासांतून तो एका जखमी हरिणाचा वास निवडून काढतो. ह्या कुत्र्यांची जोपासना करणारी ‘हिर्शमान’ नांवाची संस्था तेथें १८९४ पासून आहे.

आपल्या पुराणकथांकडे ह्या दृष्टीनें पाहिलें तर एक गोष्ट लक्षांत येते. दशरथानें काळोखांत, केवळ आवाजाच्या रोखानें, बाण सोडला. जरा नांवाच्या व्याधानें श्रीकृष्णाच्या पायास हरिण समजून वेध घेतला. दोघांचाही हेतु मनुष्यवधाचा नव्हता. पण ह्या कथा आपणांस ज्ञात आहेत त्या दोघेही आपल्या बाणामागून चालत गेले म्हणून. दशरथ तर तेथेंच थांबला नाहीं. पाणी घेऊन तो त्या मुलाच्या अंध मातापित्यांसमोर जाऊन उभा राहिला. ते दोघे तसेच घरीं परतते, तर आपण काय केलें हें त्यांचें त्यांनाही कळतें ना. आपल्या कर्माचें खरें स्वरूप हेतु तपासून कळत नाहीं. तें त्याच्या मागून चालत गेल्यावर कळतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, प्रथम गोळी घालावयाची आणि मग करुणेनें माग काढावयाचा हें ढोंग आहे; मुळांत मारूंच नये हेंच उत्तम. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस मनाई केली, हें योग्यच झालें. जो बाण सोडीतच नाहीं त्याची पायरी वरची. मागाहून दाखविलेल्या दयेनें मूळ कर्म धुऊन निघत नाहीं. त्या शास्त्रांतही संशय असेल तेथें बार टाकूंच नये हा नियम आधीं सांगितलेला आहे. पण बाण न सोडतां ज्याचें सारें आयुष्य जातें असा संसारी मनुष्य आम्हांस तरी दाखवितां येणार नाहीं. न्यायाधीशास शिक्षा सांगावी लागते, वैद्यास चाकू चालवावा लागतो, परीक्षकास अनुत्तीर्णाचा शेरा मारावा लागतो, बापास नकार द्यावा लागतो. निर्णय योग्य असला तरी तो कोणास तरी लागतो. अशा सर्वांनीं ‘आमचा हेतु चांगला होता’ एवढें म्हणून पाठ फिरवावी काय, हाच खरा प्रश्न आहे.

जखमी हरिण शेजाऱ्याच्या हद्दींत शिरलें तर माग तेथेंच सोडावयाचा नसतो. शेजाऱ्यास कळवून, त्याच्या संमतीनें, तो पुढें न्यावयाचा असतो. आपल्या जमिनीची सीमा ही आपल्या कर्माची सीमा नव्हे, हें त्या रिवाजाचें तात्पर्य. कित्येकदां इतकें करूनही हरिण सांपडत नाहीं, आणि त्याबद्दल कोणतेंही समाधान शिकाऱ्यास ठेवलेलें नाहीं. सांपडलें तर एक लहानसा विधि असतो. शिकाऱ्यास मानाची म्हणून जी हिरवी डहाळी मिळते तिचा एक भाग तो कुत्रा बाळगणाऱ्यास देतो, आणि तो त्यांतला एक तुकडा कुत्र्याच्या गळपट्ट्यांत खोवतो. बार ज्याचा होता तो मान त्याच्या एकट्याकडे राहत नाहीं. काम पुरें करणाऱ्यांस त्यांतला वांटा द्यावा लागतो.