ध्येय कोणाचें?

कोणतीही संस्था बदलावयाची म्हटली म्हणजे तिच्यापुढें एक निश्चित ध्येय असावें लागतें, हें सर्वांस मान्य आहे. वाद आहे तो पुढचा. हें ध्येय एकानें ठरवावयाचें व इतरांनीं पाळावयाचें, कीं तें सर्वांचें असावें? ‘यथा राजा तथा प्रजा’ ही म्हण पहिल्या पक्षास अनुकूल आहे. ती अर्धीच खरी आहे, असें आम्हांस वाटतें. आणि उरलेलें अर्धें सत्य एका गालिच्याच्या कारखान्याच्या इतिहासांत पाहावयास सांपडतें.

अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत रे अँडरसन यांनीं १९७३ सालीं ‘इंटरफेस’ ही कंपनी काढली. चौकोनी तुकडे जोडून अंथरावयाचे गालिचे हा तिचा धंदा. त्यांतील नायलॉन खनिज तेलापासून होत असल्यामुळें साऱ्या व्यवसायाचा पायाच भूगर्भांतील संपत्तीवर उभारलेला. १९९४ सालीं ग्राहक विचारूं लागले कीं, पर्यावरणासाठीं ही कंपनी काय करते? अँडरसन यांच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याच सुमारास पॉल हॉकेन यांचें ‘द इकॉलॉजी ऑफ कॉमर्स’ हें पुस्तक त्यांच्या वाचनांत आलें, आणि साठी गाठलेल्या या कारखानदाराची दृष्टीच पालटली. कंपनीमुळें निसर्गाची होणारी हानि २०२० सालापर्यंत शून्यावर आणावयाची, असा संकल्प त्यांतून पुढें सिद्ध झाला.

या संकल्पांत तीन गुण दिसतात. पहिला असा कीं, त्याचा निवाडा प्रथम नेत्यावरच लागूं झाला. आपण पृथ्वीला लुटीत आलों, असें अँडरसन उघड सांगत. जो पुढारी स्वतःस वगळून इतरांस सुधारूं पाहतो, त्याचें ध्येय हुकूम होऊन बसतें. दुसरा गुण स्पष्टतेचा. ‘आम्ही निसर्गाची काळजी घेऊं’ हें वचन कधींच मोडत नाहीं, कारण तें मोजतांच येत नाहीं. शून्य मात्र मोजतां येतें. तिसरा गुण सहभागाचा. १९९५ पासून कंपनीनें नासाडीविरुद्ध मोहीम उघडली, आणि ग्राहकाच्या उपयोगीं न पडणारा प्रत्येक खर्च नासाडींत गणला. तिच्यासाठीं कामगारांकडून सूचना मागविण्यांत आल्या. यामुळें यंत्रापाशीं उभा असलेला मनुष्यही त्या दूरच्या शून्याशीं आपल्या दिवसाच्या कामाचा संबंध जोडूं शकला.

यावर कोणी म्हणेल, हें पुण्य फायद्याच्या पोटीं जन्मलें. नासाडी थांबल्यानें पैसाही वांचला, हें अँडरसन लपवीत नसत. पण सत्कृत्य तोट्याचेंच असलें पाहिजे, हा आग्रह आम्हांस पटत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. २०१९ सालीं कंपनीनें उद्दिष्ट गाठल्याचें जाहीर केलें. परंतु तिच्या मालाच्या कर्बवायूच्या हिशेबांत बाहेरून विकत घेतलेल्या भरपाईच्या पत्रांचाही आधार होता. तेव्हां हें शून्य कितपत निर्भेळ, अशी शंका घेणें रास्तच आहे. मात्र ही शंका घेतां येते ती ध्येय स्पष्ट होतें म्हणूनच. संदिग्ध ध्येयास असा जाब कोण विचारणार?

अँडरसन २०११ सालीं निवर्तले. ध्येय एकट्या त्यांचेंच असतें, तर तें त्यांच्या बरोबरच गेलें असतें. पुढचीं आठ वर्षें ज्यांनीं तें चालविलें, त्यांना आज्ञा देणारा आतां नव्हता. प्रारंभ करण्यास पुढारी लागतो, एवढ्यापुरती ती म्हण खरी. पण सातत्य हें अनुयायांच्या स्वीकारावर अवलंबून असतें.

आपल्याकडील शाळा, पतपेढ्या व कार्यालयें यांच्या भिंतींवरही ध्येयवाक्यें झळकत असतात. त्यांची परीक्षा करावयाची असेल, तर अध्यक्षांचें भाषण ऐकण्याचें कारण नाहीं. दारावरील शिपायास विचारावें, कीं या वाक्यामुळें तुमच्या आजच्या कामांत काय बदललें? त्यास उत्तर देतां आलें, तर तें ध्येय संस्थेचें आहे असें आम्ही समजूं.