जागे असणे आणि जागणे

अंतरपाट धरलेला आहे, मंगलाष्टके चालू आहेत, अक्षतांच्या मुठी वर गेलेल्या आहेत, आणि प्रत्येक अष्टकाच्या अखेरीस पुरोहिताच्या मुखातून ‘सावधान’ हा एकच शब्द निघतो आहे, हे दृश्य महाराष्ट्रातील प्रत्येकाने पाहिलेले असते. समर्थ रामदास हा शब्द ऐकताच मांडवातून निघून गेले ही परंपरेने चालत आलेली कथा मी लहानपणी आजीकडून ऐकली तेव्हा, आनंदाच्या ऐन घटकेस ज्याची आठवण द्यावी लागते असे कोणते तरी संकट त्या पडद्याआड उभे असले पाहिजे, अशी माझी समजूत झाली होती. ती चुकीची होती. सावधान म्हणजे स-अवधान, अवधानासहित. पूर्वी लग्नघरी पाण्याने भरलेल्या भांड्यात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडीत. छिद्रावाटे पाणी चढत चढत ती वाटी बुडाली म्हणजे एक घटिका, आजच्या हिशेबाने २४ मिनिटे, पुरी झाली असे समजत. आणि भोवती एवढी गडबड चाललेली असताना कोणीतरी एकाने त्या वाटीच्या काठाकडे नजर लावून बसावे लागे. त्या माणसाला भय कशाचेच नसे, पण त्याचे मन तेथे असे. पुरोहिताचा शब्दही तेवढेच मागतो. मुहूर्ताचा क्षण येत आहे, मन येथे आणा.

ज्ञानेश्वरांनी हे अवधान फार मोलाचे मानले. १२९० साली सिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात नववा अध्याय उघडतो तो श्रोत्यांकडे अवधान मागूनच. दुसरी कोणतीही दक्षिणा त्यांना नको आहे. अवधान ‘देतात’, हा आपल्या भाषेचा प्रयोग येथे लक्षात घेण्याजोगा आहे.

पुढे मात्र या शब्दकुलात दुसरे वारे शिरले, आणि ते दरबारातून व लष्करातून आले. खबरदार, हुशार, गाफील, गस्त हे शब्द फारसीच्या मार्गाने मराठीत रुळले आणि ठाण्यातील कारकुनापासून गडावरील हवालदारापर्यंत सर्वांच्या कागदांत त्यांनी ठाण मांडले. ज्याला खबर आहे तो खबरदार. ज्याला होश, म्हणजे शुद्ध आहे, तो हुशार. आज ‘मुलगा हुशार आहे’ म्हणताना आपण परीक्षेतील गुण मोजतो, तेव्हा त्या शब्दाचे मूळचे जागेपण आपल्या ध्यानीमनीही नसते. संस्कृत ‘सावधान’वरून आलेल्या ‘सावध’ला फारसी ‘गिरी’ जोडून ‘सावधगिरी’ झाली आणि सावध या शब्दाला संशयाचा रंग चढला. रोगी शुद्धीवर आला म्हणजे ‘सावध झाला’ असे अजूनही जुनी माणसे म्हणतात. त्या प्रयोगात तेवढा मूळ अर्थ शाबूत राहिला आहे. रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात हरिकथा आणि राजकारण यांच्या पाठोपाठ सर्व विषयांतील सावधपणाला तिसरे स्थान दिले. परकी सत्ता दाराशी असलेल्या काळात हा उपदेश आवश्यकच होता, आणि दोन्ही अर्थ एका शब्दात नांदविण्याची ताकद त्यांच्यापाशी होती. आपल्यापाशी ती उरली आहे असे मला वाटत नाही. आपण सावध राहतो ते चोरापासून, अफवेपासून, शेजाऱ्यापासून. विभक्ती पंचमी, आणि कारक अपादान, म्हणजे दूर होण्याचे.

परंतु मराठीत याच अर्थक्षेत्रात एक क्रियापद आहे, आणि ते चतुर्थी घेते. ते मी एका शेतावर शिकलो. ज्वारी हुरड्यावर आली होती, रानडुकरांचा उपद्रव वाढला होता, म्हणून रात्री जागलीला बसणे भाग होते. चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर एक म्हातारा सालदार घोंगडी पांघरून बसे. थोड्या थोड्या वेळाने पत्र्याचा डबा बडवी, हाकारा करी, आणि पुन्हा तसाच अंधाराकडे कान देऊन बसे. तिसऱ्या प्रहरी मी त्याला विचारले, “बाबा, झोप येत नाही?” तो म्हणाला, “येती की. पन ज्याचं खाल्लं त्याला जागाया नको व्हय?” डुकराचे नावही त्याच्या उत्तरात नव्हते.

मिठाला जागणे, शब्दाला जागणे, इमानाला जागणे. या प्रयोगांत जागेपण म्हणजेच निष्ठा, आणि झोप म्हणजे केवळ अनवधान नसून प्रतारणा. कोणी म्हणेल, ही मिठाची भाषा धन्याच्या सोयीची आहे, आणि तिच्या जोरावर जुलमी माणसांनीही पिढ्यान्‌पिढ्या सेवा करून घेतली. आक्षेप खरा आहे, आणि तो टाळता येणार नाही. म्हणूनच मीठ कोणाचे, हा प्रश्न धर्माने विचारला पाहिजे, आणि आपल्याकडे तो विचारला गेलाही आहे. माणूस ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे घेऊनच जन्माला येतो, असे आपली परंपरा सांगते. त्या हिशेबाने धन्यानेही कोणाचे तरी खाल्लेलेच असते. आणि त्या रात्री माळ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचे आम्ही खात होतो, हे सांगितलेच पाहिजे.

म्हणून देवापुढच्या जागराविषयी मला एकच विचारावेसे वाटते. कोजागरीला आपण जागतो, खंडोबाचे जागरण घालतो, पहाटे काकडआरतीने विठ्ठलाला उठवितो, नवसाला पावणाऱ्या देवाला ‘जागृत’ म्हणतो. पण हे सारे जागणे कोणाला? डोळे उघडे राहिले म्हणजे जागर घडला असे असते, तर महाभारतातील धृतराष्ट्रासारखा जागर कोणीच केला नाही. संजय पांडवांकडून परत आला होता, निरोप दुसऱ्या दिवशी सभेत सांगायचा होता, आणि चिंतेने राजाला झोप लागेना. उद्योगपर्वातील त्या भागाचे नावच प्रजागरपर्व आहे. त्या रात्री विदुराने त्याला नीती सांगितली, प्रमाद हाच मृत्यू आहे असे सनत्सुजात ऋषींनी सांगितले, आणि राजाने सर्व ऐकून घेतले. सकाळी सभा भरली, संजयाने निरोप सांगितला. पांडवांचा वाटा धृतराष्ट्राने देवविला नाही.